हंगामाबाहेरचे आठ महिने

अमेरिकेतील माध्यमिक शाळांचा फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या उकाड्यात सुरू होतो आणि नोव्हेंबर संपता संपता बहुतेक शाळांपुरता आटोपतो; राज्यस्पर्धेच्या अखेरच्या फेऱ्या गाठणारे मोजके संघ तेवढे डिसेंबरात खेळत राहतात. उरलेल्या आठ महिन्यांत ना सामना असतो, ना शुक्रवार रात्रीचे दिव्यांनी उजळलेले मैदान, ना वाद्यवृंद, ना गावकऱ्यांची गर्दी. आणि तरीही ज्या मुलाला शाळेनंतर महाविद्यालयाच्या संघात स्थान मिळवावयाचे असते, त्याचे भवितव्य या आठ महिन्यांत जेवढे ठरते तेवढे त्या चार महिन्यांच्या जल्लोषात ठरत नाही. खरिपाचे पीक जसे उन्हाळ्यातल्या नांगरटीवर अवलंबून असते, तसे हे आहे. या आठ महिन्यांत शरीर घडते ते कोणत्या नियमाने, आणि तो नियम मोडला असता काय घडते, हे या लेखात सांगावयाचे आहे.

गोव्यात किंवा कोल्हापुरात पायाने चेंडू खेळवीत जो फुटबॉल खेळला जातो तो हा नव्हे, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. शिरस्त्राणे आणि खांद्यांवर कवचे चढवलेले अकरा-अकरा खेळाडू 100 यार्ड लांबीच्या मैदानावर एका लंबगोल चेंडूसाठी समोरासमोर उभे ठाकतात. चेंडू ज्यांच्या ताब्यात असेल त्यांनी चार प्रयत्नांत निदान 10 यार्ड पुढे सरकावयाचे, आणि प्रतिपक्षाने त्यांना अंगाला भिडून, जमिनीवर पाडून अडवावयाचे, हा त्याचा सारांश. एकेक प्रयत्न पाचएक सेकंदांत संपतो, त्यानंतर सुमारे अर्ध्या मिनिटाची उसंत मिळते, आणि मग पुन्हा तोच आवेग. क्षणभराची कमाल शक्ती, थोडी विश्रांती, आणि पुन्हा कमाल शक्ती, या क्रमातच हंगामाबाहेरच्या साऱ्या तालमीचे बीज आहे.

दहा लाखांहून अधिक मुले तेथील शाळांतून हा खेळ खेळतात. त्यांपैकी शंभरात सुमारे सातजण पुढे कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयाच्या संघात पोहोचतात, आणि प्रथम श्रेणीपर्यंत जाणारे तर शंभरात तिघांच्या आसपासच असतात. सर्वोच्च दर्जाच्या संघांना अनेक दशके 85 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. 2025 साली न्यायालयाने मंजूर केलेल्या एका तडजोडीनंतर, त्या तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांपुरती ती मर्यादा जाऊन संघात एकूण 105 खेळाडू असावेत असा नवा दंडक आला. तृतीय श्रेणीत खेळासाठी म्हणून शिष्यवृत्ती मुळीच नसते. परंतु या हिशेबापेक्षा अधिक महत्त्वाची बाब अशी की, सतरा-अठरा वर्षांचा जो मुलगा आपल्या शाळेत सर्वांत बलवान म्हणून मिरवत असतो, तो महाविद्यालयात पाऊल टाकताच एकवीस-बावीस वर्षांच्या, चार वर्षे पद्धतशीर मेहनत केलेल्या तरुणांसमोर उभा राहतो. त्या दोघांमधले अंतर निसर्गाचे आहे, इच्छेने ते पुसता येत नाही. ते काही अंशी भरून काढता येते, आणि तेही केवळ क्रमाने.

आज ज्या शाळेला फुटबॉलचा संघ आहे तिला वजनांची व्यायामशाळाही असावयाचीच असे गृहीत धरले जाते; पण सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी हे दृश्य नेमके उलटे होते. वजने उचलल्याने स्नायू आखडतात, खेळाडू मंद आणि अवघडलेला होतो, असा प्रशिक्षकांचा ठाम समज होता, आणि कित्येक संघांत वजनाला हात लावण्यास चक्क मनाई असे. हा समज ज्या ठिकाणी प्रथम ढळला ते ठिकाण एखादे नामांकित विद्यापीठ नव्हते, तर लुइझिआना राज्यातील बॅटन रूज गावची इस्ट्रूमा ही एक साधी शाळा होती. अमेरिकेच्या ऑलिंपिक भारोत्तोलकांबरोबर काम केलेल्या अॅल्विन रॉय या गृहस्थाने त्या शाळेच्या चालकांचे मन वळवून 1955 साली मुलांना हंगामापूर्वी पद्धतशीर वजने उचलावयास लावली. त्या वर्षी इस्ट्रूमाचा संघ एकही सामना न हरता राज्याचा विजेता ठरला. त्या संघातील बिली कॅनन हा मुलगा पुढे लुइझिआना राज्य विद्यापीठाकडून खेळला. त्या विद्यापीठाने 1958 साली राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, आणि 1959 साली कॅननला हाइझमन पारितोषिक, म्हणजे महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च वैयक्तिक सन्मान, प्राप्त झाला. वजन उचलणारा खेळाडू मंद होतो हा आक्षेप कॅननच्या धावण्याने निकालात निघाला, कारण तो जेवढा बलवान तेवढाच वेगवान होता.

या कथेची एक काळी बाजू आहे, आणि ती दडवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. हाच अॅल्विन रॉय 1963 साली सॅन दिएगो येथील व्यावसायिक संघात गेला, आणि तेथे खेळाडूंना जेवणाबरोबर डायनाबॉल या संप्रेरकाच्या गोळ्या दिल्या जात, असे त्याच संघातील खेळाडूंनी पुढे उघडपणे सांगितले. क्रमाने मिळणारे बळ आणि घाईने मिळवलेले बळ या दोन्ही वाटा एकाच माणसाच्या हातून त्या खेळात शिरल्या. दुसऱ्या वाटेचा मोह अद्याप संपलेला नाही, आणि वाढत्या वयाच्या मुलाला तर ती वाट विशेषच घातक. कारण बाहेरून घेतलेल्या संप्रेरकामुळे हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा अकाली मिटून उंची कायमची खुंटू शकते.

पहिल्या वाटेला विद्यापीठाची राजमान्यता मिळाली ती नेब्रास्का राज्यात. बॉइड एप्ली हा तेथील विद्यापीठात बांबूच्या साहाय्याने उंच उडी मारणारा खेळाडू होता. पाठीला दुखापत झाल्यामुळे तो वजनांच्या खोलीत स्वतःचा इलाज करीत असे, आणि त्याचे पाहून जायबंदी झालेले फुटबॉलपटूही त्याच्याभोवती जमू लागले. दोन सामान्य हंगामांनी चिंतेत पडलेल्या प्रशिक्षकांच्या हे नजरेस आले. टॉम ऑस्बॉर्न या साहाय्यकाने तजवीज मांडली आणि मुख्य प्रशिक्षक बॉब डेव्हनी यांनी ती मंजूर केली. मात्र कोणीही खेळाडू यामुळे मंदावला तर एप्लीची नोकरी तत्क्षणी जाईल, अशी अट घातली. ही 1969 सालची गोष्ट. कोणी मंदावले नाही. 1970 आणि 1971 अशी लागोपाठ दोन वर्षे नेब्रास्काने राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले, आणि त्यानंतर बलसंवर्धनाचा प्रशिक्षक ठेवणे हा देशभरच्या विद्यापीठांचा शिरस्ता होऊन बसला. 1978 साली याच एप्लीच्या पुढाकाराने लिंकन शहरी अशा प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. एका अर्थाने हंगामाबाहेरच्या काळाला स्वतःचे स्वतंत्र शास्त्र आणि स्वतःचे अधिकारी मिळाले ते या घटनांपासून.

या शास्त्राची मुळे मात्र मैदानात नाहीत, ती रुग्णालयात आणि प्रयोगशाळेत आहेत. दुसऱ्या महायुद्धात गुडघे जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकांवर शिकागो येथील लष्करी रुग्णालयात उपचार करताना थॉमस डिलॉर्म या डॉक्टरने असे पाहिले की हलक्या व्यायामाची दीर्घ पुनरावृत्ती करण्यापेक्षा पेलवेल असे जड वजन थोड्या वेळा उचलून, आणि ते वजन आठवड्यागणिक थोडे थोडे वाढवीत नेऊन, स्नायू कितीतरी लवकर पूर्ववत होतात. त्याचे हे निष्कर्ष 1945 साली प्रसिद्ध झाले. त्यापूर्वीच, 1936 साली, माँट्रियल येथे हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने शरीर ताणाला कसे सामोरे जाते याचे तीन टप्पे दाखविले होते: प्रथम धक्का, मग प्रतिकार, आणि ताण न थांबल्यास अखेर थकवा व ऱ्हास. पुढे सोव्हिएत रशियात लेव मात्वेयेव यांनी 1960 नंतरच्या दशकात वर्षाची विभागणी करून, प्रत्येक कालखंडात व्यायामाचे प्रमाण आणि तीव्रता यांचा मेळ कसा घालावा याची पद्धती बांधली. या सर्वांचा मथितार्थ एकच. व्यायाम करताना स्नायू वाढत नाही, तो थकतो, त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजाही होते. वाढतो तो नंतर, अन्न आणि झोप मिळाल्यावर, पुढच्या वेळी तोच ताण सोसता यावा म्हणून. म्हणजे विश्रांती हा व्यायामातला खंड नसून व्यायामाचाच उत्तरार्ध आहे. ज्या प्रशिक्षकाला हे कळले त्याच्या हाती मूल सुरक्षित आहे, आणि ज्याला कळले नाही त्याच्या हाती कितीही उत्तम साधने असोत, ती निरुपयोगी आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता वर्षाचा क्रम पाहू. हंगाम संपताच पहिले दोन-तीन आठवडे वजनांना हात न लावणे हेच शहाणपणाचे असते. चार महिन्यांच्या टकरींनी खांदे, गुडघे, घोटे, बोटे यांत साचलेल्या लहानसहान दुखण्यांना मुदत द्यावी लागते, आणि या दिवसांत पोहणे, चालणे, बास्केटबॉलचा हलका खेळ एवढेच पुरे. त्यानंतर जानेवारीपासून पायाभरणी सुरू होते: मध्यम वजने, अधिक आवर्तने, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हालचालींची शुद्धता. खांद्यांवर लोखंडी दांडा घेऊन काढावयाची बैठक म्हणजे स्क्वॉट, बाकावर उताणे पडून छातीवरून वर रेटावयाचे वजन म्हणजे बेंच प्रेस, जमिनीवरून उचलण्याचा डेडलिफ्ट, आणि एकाच झेपेत दांडा जमिनीवरून खांद्यांपर्यंत आणण्याचा पॉवर क्लीन, हे या तालमीचे चार खांब. नवशिक्या मुलाचे बळ पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढते तेव्हा त्याला आणि त्याच्या वडिलांना वाटते की स्नायू वाढले. वस्तुतः त्या काळात मुख्यतः मज्जासंस्था अधिक स्नायुतंतूंना एकाच वेळी कामाला लावावयास शिकलेली असते. म्हणूनच चुकीच्या ढबीने शिकलेली बैठक पुढे वर्षानुवर्षे तशीच चुकीची राहते, आणि प्रारंभी रिकाम्या दांड्यावर घालवलेला महिना वाया गेला असे कधीच होत नाही.

फेब्रुवारी-मार्चपासून वजने वाढतात आणि आवर्तने कमी होतात. वसंतात झेपा, उड्या आणि वेगाने उचलण्याचे प्रकार येतात, कारण केवळ बळ पुरत नाही, ते बळ अर्ध्या सेकंदाच्या आत प्रकट करता आले पाहिजे. धावण्याच्या बाबतीत जुन्या प्रशिक्षकांचा कल मैल-दोन मैल पळवण्याकडे असे; आज ती रीत मागे पडली आहे, आणि ते योग्यच झाले. पाच सेकंदांच्या झटापटीला लागणारी ऊर्जा स्नायूंत आधीच साठवलेल्या फॉस्फोक्रिएटिनमधून येते, श्वासावाटे घेतलेल्या प्राणवायूची ती वाट पाहत नाही. हा साठा अर्ध्या मिनिटात सुमारे निम्मा भरून येतो आणि पूर्ण भरावयास तीन ते पाच मिनिटे लागतात. तेव्हा 10, 20, 40 यार्डांच्या तीव्र धावा आणि त्यांमध्ये मोजून दिलेली विश्रांती हाच खेळाला जवळचा व्यायाम होय. मोठ्या अंगाच्या लाइनमनला, म्हणजे आघाडीच्या रांगेत भिडणाऱ्या खेळाडूला, ज्याचे सारे काम दोन-तीन यार्डांच्या परिसरात चालते, त्याला मैलभर पळवून गुडघ्यांवर भार घालण्यात काडीचाही लाभ नाही.

येथे मला एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. हंगामाबाहेरचे आठही महिने केवळ फुटबॉलच्याच तालमीत घालवणे हे उत्तम तयारीचे लक्षण आहे, ही समजूत अलीकडे खाजगी प्रशिक्षकांच्या वाढत्या बाजारामुळे बळावली आहे. परंतु हिवाळ्यात कुस्ती आणि वसंतात धावणे, गोळाफेक यांत भाग घेणारा मुलगा पुष्कळदा फुटबॉललाच अधिक तयार होऊन येतो. तेथील शालेय कुस्तीत लाइनमन मुलाला जे शिकावयास मिळते, म्हणजे कंबर खाली ठेवून प्रतिस्पर्ध्याच्या बळाचा तोल बिघडवणे, ते कोणत्याही यंत्रावर शिकता येत नाही. जिम ब्राऊन हा फुटबॉलच्या इतिहासातील, चेंडू घेऊन धावणारा थोर खेळाडू सिरॅक्यूज विद्यापीठात फुटबॉलइतकाच लॅक्रॉस या खेळातही नामांकित होता. एकाच सांध्यावर वर्षभर एकाच प्रकारचा ताण न येणे हा या विविधतेचा शारीरिक लाभ, आणि मनाला खेळाचा वीट न येणे हा दुसरा. वसंतातल्या धावण्याच्या शर्यतीत मिळवलेला अधिकृत वेळ तर महाविद्यालयाच्या निवडकर्त्यांना हाताने मोजलेल्या वेळेपेक्षा अधिक विश्वसनीय वाटतो.

निवडकर्ते काय मोजतात, हेही सांगितले पाहिजे. 40 यार्डांची म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरची धाव, उभ्या जागेवरून उंच उडी व लांब उडी, पाच-दहा-पाच यार्डांची उलटसुलट धाव, आणि तीन शंकूंभोवतीची वळणे, या चाचण्या व्यावसायिक संघांच्या निवड-मेळाव्यातून खाली उतरत शाळेपर्यंत आल्या आहेत. त्यांचा उपयोग आहे. पण केवळ चाचणीतला आकडा सुधारावा म्हणून महिनेच्या महिने धावेच्या आरंभाची ढबच घोटत बसणारी मुले पाहिली म्हणजे साधन आणि साध्य यांची अदलाबदल झाल्याचे जाणवते. प्रशिक्षक अखेर मुलाच्या सामन्यांचे चित्रण पाहतात, आणि त्याचे गुणपत्रकही पाहतात. प्रथम श्रेणीत खेळावयाचे तर माध्यमिक शाळेतील 16 मुख्य विषय-अभ्यासक्रम पुरे करून त्यांत निदान 2.3 गुणांची सरासरी राखावी लागते, आणि त्या सोळांपैकी दहा अभ्यासक्रम शेवटच्या वर्षाच्या प्रारंभापूर्वीच आटोपलेले असावे लागतात. व्यायामशाळेत कितीही वजन उचलले तरी या अटीतून सूट मिळत नाही, म्हणून वसंतातल्या परीक्षा हाही हंगामाबाहेरच्या तयारीचाच भाग समजावा.

खुराकाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण आपल्या तालमींतून जे परंपरेने ठाऊक आहे त्याचाच बराचसा पुरस्कार शास्त्राने केला आहे. शरीराच्या दर किलोमागे दिवसाला दीडएक ग्रॅम प्रथिन, भरपूर धान्य, फळे, दूध, आणि आठ ते दहा तासांची झोप, एवढे ज्याला मिळते त्याला डब्यातल्या भुकट्यांची गरज क्वचितच भासते. चिंता वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. लाइनमन व्हावयाचे म्हणून सोळा वर्षांच्या मुलाला काही महिन्यांत दहा-पंधरा किलो वजन वाढवावयास सांगणारे लोक आहेत. त्या वाढीतला मोठा हिस्सा चरबीचा असतो, तिचा भार गुडघ्यांवर आणि हृदयावर पडतो, आणि खेळ सुटल्यावरही ती सहसा सुटत नाही.

आता या विषयाचा गंभीर भाग. 1954 साली टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी आपल्या खेळाडूंना दुष्काळाने होरपळलेल्या जंक्शन नावाच्या गावी नेऊन, कडक उन्हात, पाण्यावाचून, दहा दिवस अशी मेहनत करवून घेतली की बहुतेक मुले रातोरात पळून गेली आणि उरली ती मूठभर. दीर्घकाळ ही कथा पुरुषार्थाची गाथा म्हणून सांगितली जात होती. तहान सोसल्याने माणूस कणखर होतो या भ्रमाने त्या देशात किती तरुणांचा बळी घेतला, हे पुढे हळूहळू उमगले. 2001 सालच्या 1 ऑगस्टला मिनेसोटाच्या व्यावसायिक संघातील कोरी स्ट्रिंगर हा सत्तावीस वर्षांचा लाइनमन सरावातल्या उष्माघाताने मरण पावला, तेव्हा सारा देश हादरला. त्याच्या नावाने 2010 साली कनेक्टिकट विद्यापीठात उभी राहिलेली संस्था आज या विषयावर मार्गदर्शन करते. या शतकात महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये जे मृत्यू झाले त्यांत मैदानावरील टकरींनी झालेल्या मृत्यूंपेक्षा व्यायामाच्या अतिरेकाने झालेल्यांची संख्या बरीच अधिक आहे, ही बाब प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावी अशी आहे. आपण टकरीला भितो. पण धोका अधिक असतो तो जेथे प्रतिस्पर्धी नाही, प्रेक्षक नाहीत, अशा सरावाच्या दुपारी.

आयोवा विद्यापीठातील 2011 सालची घटना या दृष्टीने मोठी बोलकी आहे. हिवाळ्याची सुमारे तीन आठवड्यांची सुट्टी संपवून खेळाडू परतले, आणि त्यांना आपल्या कमाल क्षमतेच्या निम्म्या वजनाने 100 बैठका काढावयास लावून, त्यावर वजनी घसरगाडीचाही व्यायाम करावयास लावण्यात आले. काही दिवसांत 13 खेळाडू रुग्णालयात दाखल झाले. त्यांच्या स्नायूंचे तंतू इतक्या मोठ्या प्रमाणावर फुटले होते की त्यांतील मायोग्लोबिन रक्तात उतरून मूत्रपिंडांवर आघात करू लागले; लघवीचा काळपट तांबडा रंग हे त्याचे लक्षण. सुदैवाने सर्वजण बरे झाले, आणि तो व्यायामप्रकार पुन्हा करू नये अशी शिफारस विद्यापीठाने नेमलेल्या समितीने केली. ते खेळाडू दुबळे नव्हते, ते देशातल्या निवडक बलवानांपैकी होते. तीन आठवड्यांच्या विश्रांतीनंतरचे शरीर हे तीन आठवड्यांपूर्वीचे शरीर नसते, एवढेच काय ते विसरले गेले.

2006 साली राइस विद्यापीठातील डेल लॉइड हा एकोणीस वर्षांचा खेळाडू लागोपाठच्या तीव्र धावांनंतर कोसळला आणि मरण पावला. त्याच्या रक्तात सिकलसेलचा एक जनुक होता. तो रुग्ण नव्हता, केवळ वाहक होता, आणि हे कोणालाच ठाऊक नव्हते. वाहक व्यक्ती सामान्य जीवन व्यवस्थित जगते, परंतु विश्रांतीवाचून कमाल श्रम करीत राहिल्यास तिच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तप्रवाह अडवू शकतात. लॉइडच्या मृत्यूनंतर 2010 पासून प्रथम श्रेणीच्या खेळाडूंना ही तपासणी करून घेण्याचा नियम झाला. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार येथील आदिवासी समाजात आणि विदर्भातील इतरही अनेक समाजांत हा जनुक मोठ्या प्रमाणावर आढळतो, म्हणून ही तपासणी केवळ परदेशातील प्रश्न नाही. पोलीस किंवा सैन्यभरतीसाठी धावण्याची तयारी करणाऱ्या आपल्या मुलांनाही ती तितकीच लागू आहे. वाहक असल्याने खेळ सोडावा लागत नाही. वेग हळूहळू वाढवावा, मधली विश्रांती तोडू नये, पाणी प्यावे, आणि पाय गळून गेल्यासारखे वाटताच थांबण्याची मुभा असावी, एवढे पुरते.

2018 सालच्या मे महिन्याच्या अखेरीस मेरीलँड विद्यापीठात जॉर्डन मॅकनेअर हा लाइनमन 110 यार्डांच्या दहा धावांच्या चाचणीत उष्माघाताने कोसळला आणि 13 जूनला मरण पावला. तोही एकोणीसच वर्षांचा होता. स्वतंत्र चौकशीत असे उघड झाले की लक्षणे दिसल्यापासून मदतीसाठी दूरध्वनी करण्यात सुमारे एक तास गेला, आणि त्याला बर्फाच्या पाण्याच्या हौदात उतरवण्यात आलेच नाही. उष्माघातात रुग्णाला प्रथम थंड करावयाचे आणि मग रुग्णालयात न्यावयाचे, हा आज सर्वमान्य नियम आहे. पहिल्या अर्ध्या तासात शरीराचे तापमान खाली आणले तर प्राण वाचण्याची शक्यता फार मोठी असते. विद्यापीठाने पुढे आपली जबाबदारी मान्य केली आणि 2021 साली मेरीलँड राज्याने मॅकनेअरच्या नावाने खेळाडूंच्या संरक्षणाचा कायदा केला.

या दुःखांतून काही नियम तयार झाले आहेत, आणि ते अनाठायी कोमलतेचे नसून शरीरशास्त्राचे आहेत. उष्णतेची सवय व्हावयास शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून शाळांसाठी सुचवलेल्या पद्धतीत पहिले दोन दिवस केवळ शिरस्त्राण, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शिरस्त्राण आणि खांद्यांची कवचे, आणि पूर्ण सरंजाम सहाव्या दिवसापासून, असा क्रम आहे. पहिले पाच दिवस दिवसातून एकच सराव. बलसंवर्धन प्रशिक्षकांच्या दोन राष्ट्रीय संघटनांनी 2019 साली मिळून दुसरा नियम सांगितला: नवा खेळाडू आला, किंवा दीर्घ खंडानंतर जुना परतला, तर धावण्याचे प्रमाण पहिल्या आठवड्यात नेहमीच्या कमाल मर्यादेपेक्षा 50 टक्क्यांनी, दुसऱ्यात 30, तिसऱ्यात 20 आणि चौथ्यात 10 टक्क्यांनी कमी ठेवावे. कॅलिफोर्निया राज्याने तर 2015 पासून शालेय संघांना हंगामाबाहेर पूर्ण टकरींचा सराव करण्यास कायद्यानेच मनाई केली. शाळेचे शेवटचे वर्ष संपवून उन्हाळ्यातच महाविद्यालयाच्या आवारात दाखल होणाऱ्या मुलासाठी हे चार आठवडे सर्वांत नाजूक असतात. तो नवखा असतो, त्याला आपली योग्यता सिद्ध करावयाची असते, आणि थकलो आहे असे म्हणण्याचे धैर्य त्या वयात, त्या जागी, क्वचितच कोणाला होते. ते धैर्य त्याच्यावर सोपवून चालत नाही. त्याचा बंदोबस्त वडीलधाऱ्यांनी आधीच करावा लागतो.

टेक्सास, जॉर्जिया, न्यू जर्सी अशा राज्यांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील ज्या मुलांना हा खेळ खेळावयाचा असेल, त्यांच्या आईवडिलांना म्हणून एक विनंती करतो. मुलाच्या हाती उन्हाळ्याच्या व्यायामाचे वेळापत्रक येईल तेव्हा ते त्याच्या शेजारी बसून वाचा. पहिल्या चार आठवड्यांत प्रमाण किती आहे ते पाहा. त्याची सिकलसेलची तपासणी झाली आहे ना, सरावाच्या जागी प्रशिक्षित वैद्यकीय साहाय्यक हजर असतो का, आणि बर्फाच्या पाण्याचा हौद सराव सुरू होण्यापूर्वी भरलेला असतो का, हे प्रशिक्षकांना स्पष्ट विचारा. चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी रागावत नाही. जेथे उत्तर मिळणार नाही तेथे मुलाला पाठवू नका.